शिट्टी संघनायकाकडे द्या

बी.एड.च्या विद्यार्थ्यांनो,

पदवीबद्दल तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं जरा जास्त, कारण फी त्यांनी भरलीय.

प्राचार्यांनी पत्रात मला विषय दिला होता, 'शिक्षकापुढील आव्हाने'. मी फोन करून म्हटलं, साहेब, आव्हानांवर बोलणारे जळगावात पुष्कळ मिळतील, मला स्काऊटिंगखेरीज काही येत नाही. ते म्हणाले, मग त्यावरच बोला, जिल्ह्यात पुढे काय काय कार्यक्रम आहेत तेही सांगा, आमच्या मुलांना उपयोग होईल. सांगतो. पण माझ्या वयाचा माणूस सरळ रस्त्यानं मुक्कामाला पोचत नाही, एवढं सांभाळून घ्या.

टीईटी, मग टेट, मग पवित्र पोर्टल एवढं सगळं पार करून तुमच्यातलं कुणी शाळेत रुजू झालं, की पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक बोलावून घेतील. "सर, तुम्ही तरुण आहात. स्काऊट तुमच्याकडे." बाई असाल तर गाईड. यात तुमची आवड विचारायची पद्धत नाही. मीही असाच स्काऊट मास्तर झालो, चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत. मला चार्ज मिळाला तो एका पत्र्याच्या पेटीचा. तिच्यात दोन लाठ्या, चामडं फाटलेला ढोल, वाळवी लागलेला झेंडा आणि एक हजेरीपत्रक. हजेरीपत्रक मात्र अद्ययावत होतं. इतकं, की पुढच्या दोन महिन्यांची हजेरीसुद्धा भरून ठेवलेली! तेव्हापासून मला या क्षेत्रातल्या कागदाचं भय वाटतं. मुलं एकदाही मैदानावर न येता पथक चालू शकतं, नोंदणी होऊ शकते, अहवाल जाऊ शकतो. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब सुरू झाल्यापासून तर नुसती प्रमाणपत्रापुरती उगवणारी पथकंही मी पाहिलीत.

नंतर मला प्रशिक्षणाला पचमढीला पाठवलं. भुसावळहून गाडीत बसायचं, इटारसी मागे टाकून पिपरियाला उतरायचं आणि पुढे घाट चढायचा. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथं आहे. मी गाठी, नकाशावाचन, प्रथमोपचार शिकायच्या तयारीनं गेलो होतो. तेही शिकवलं. पण तिथल्या एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाची वेगळीच खोड होती. आम्हा शिक्षकांना तो मुलांच्या शिबिरावर घेऊन जायचा, मुलं तंबू उभारायला लागली की आम्हाला रांगेत उभं करायचा आणि हात पाठीमागे बांधायला लावायचा. बांबू वाकडा लागतोय, खुंटी उलट्या दिशेला ठोकली जातेय, आम्हाला सगळं दिसतंय, आणि हात मागे! एका मास्तरांना राहवेना म्हणून ते पुढे झाले, तर त्यानं त्यांना सरळ स्वयंपाकघरात कांदे चिरायला पाठवलं. मी आज तुम्हाला जे सांगायला आलोय ते एवढंच आहे. मुलाचं काम त्याच्या हातून काढून घेऊ नका. बाकीचं मी वेळ भरायला बोलतोय असं समजा.

यामागे इतिहास आहे. 1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगला वेढा पडला. तो 217 दिवस चालला. गावात होते पुढे स्काऊटिंग सुरू करणारे सेनापती बेडन पॉवेल, आणि त्यांच्याकडे माणसं कमी. तेव्हा तिथल्या पोरांची एक तुकडी केली आणि निरोप पोचवणं, टेहळणी, दवाखान्यातली मदत ही कामं तिच्यावर टाकली. त्या तुकडीचा म्होरक्या गुडइयर नावाचा पोरगा, सायकलवर बसलेला, तिथल्या वेढ्यातल्या टपाल तिकिटावर छापलाय. युद्ध साम्राज्याचं होतं, मला त्याचं कौतुक नाही. पण पोरांना खरं काम दिलं तर ती ते करतात, हे त्या सेनापतीनं तिथं पाहिलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी जे पहिलं शिबिर घेतलं, त्यात वीसेक मुलं होती, बड्या शाळांतली आणि कामगारांची, एकत्र मिसळलेली. त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येकाला मुलांमधलाच नायक दिला. संघपद्धती ती हीच. नायकाच्या वर सतत शिट्टी फुंकत फिरणारा मास्तर तिच्यात कुठंच बसत नाही.

आपल्याकडे ही चळवळ 1909 मध्ये आली, पण सुरुवातीला गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या पोरांना दार बंद! मग ॲनी बेझंटबाईंनी मद्रासकडे, आणि पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीच्या नावानं आपली पथकं काढली. हे सगळे वेगवेगळे प्रवाह एकत्र आले ते 7 नोव्हेंबर 1950 ला, भारत स्काऊट्स आणि गाईड्स म्हणून. मुलींची संघटना पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला सामील झाली. 1950 च्या त्या एकत्र येण्याला 2025 च्या नोव्हेंबरात 75 वर्षं झाली. आपल्या खानदेशात भुसावळला तर या संघटनेची दोन घरं आहेत. शाळांची पथकं जिल्ह्याकडे आणि रेल्वेची पथकं मध्य रेल्वेकडे, कारण रेल्वेला या संघटनेत स्वतंत्र राज्याचा दर्जा आहे. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की फलाटावर खिडकीखिडकीशी पाणी देणारे रेल्वेचे स्काऊट आम्ही पाहिलेत. गाडी सुटायला मिनिटभर उरलेलं, डब्यातून दहा हात बाहेर आलेले, आणि कुणाला आधी द्यायचं ते चौदा वर्षांचं पोरगं ठरवतंय. मास्तरनं काय कप्पाळ सांगायचं त्याला तिथं?

आता खरी कमाई. स्काऊटनं स्वतःच्या कष्टानं चार पैसे मिळवायचे आणि पथकाला द्यायचे, असा हा उपक्रम. सायकली पुसणं, बुटांना पॉलिश, बागेतलं तण काढणं. आमच्या पथकातला एक आठवीतला मुलगा रविवारी शेजारच्या शेतात कापूस वेचायला गेला. संध्याकाळी मालकानं काट्यावर गाठोडं लावलं आणि वजन सांगितलं. पोरगा म्हणाला, काका, काटा पुन्हा लावा, आधी रिकामा. लावला. मालकाचा काटा सव्वा किलोनं खोटा निघाला. गावात दोन दिवस चर्चा. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, तुमची पोरं मोठ्या माणसांना उलट बोलतात म्हणाले. मी म्हटलं, हिशेब मागतात.

आजची खरी कमाई बघा. शाळेच्या पटांगणात मांडव, फुगे, पाहुणे, फीत. पहाटे चारला उठून आईनं कचोऱ्या तळल्या, वडिलांनी गाडीतून आणल्या, काकूनं मांडल्या. स्काऊट स्कार्फ बांधून मागे खुर्चीवर बसलाय आणि त्याच्या पुढ्यात वडिलांच्या खात्याचा क्यूआर कोड! संध्याकाळी 'विद्यार्थ्यांनी घेतला व्यवहारज्ञानाचा अनुभव' अशी बातमी. कचोरी चांगली होती, तक्रार नाही.

तशीच गत चाचणी शिबिरांची. तृतीय सोपान या पायरीच्या चाचणीला पोरगं येतं, लाठीला क्लोव्ह हिचची गाठ बांधता येत नाही, आणि सोबतचे सर परीक्षकाची पाठ वळली की पटकन बांधून देतात. एकदा अडावदजवळ उनपदेवला आमचं शिबिर होतं. गरम पाण्याचा झरा आहे तिथं, मागे सातपुडा. एका मोठ्या शाळेचे तंबू त्यांच्या सरांनी आणि शिपायानं मिळून उभे केले होते, अगदी सरळ रेषेत, पाहुणे फोटो काढून गेले. रात्री अवकाळी आला. सुती दोर भिजला की आखडतो, आणि ताण सैल केला नाही तर खुंट्या उपटून काढतो. हे आमच्या संघनायकाला ठाऊक होतं, कारण दिवसभर खुंट्या त्यानं ठोकल्या होत्या. मी कंदील घेऊन बाहेर आलो तर तो गुडघाभर चिखलात बसून एकेक दोर सैल करतोय. मला बघून म्हणाला, "गुरजी, तुम्ही बठा. आम्ही करतस." मी बसलो. पलीकडचे सरळ रेषेतले तंबू पोरांच्या अंगावर बसले, आणि त्यांचे सर गावातल्या विश्रामगृहात होते. त्यांच्या पोरांना आमच्या पोरांनी तंबूत घेतलं. सकाळी बक्षीस मात्र सरळ रेषेलाच मिळालं, गुण आदल्या संध्याकाळी दिले गेले होते ना!

खानदेशच्या पोरांना कुणी हरवू शकत नाही अशी एक स्पर्धा आहे, बिनभांड्याचा स्वयंपाक. बाहेरच्या जिल्ह्यांतली पोरं मातीत बटाटे पुरून बसतात. आमची पोरं पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, गोळा करतात, बामणोदची हिरवट पांढरी वांगी आणतात, त्यांना टोचे मारून तेलाचा हात लावतात आणि जाळावर फिरवत बसतात. टोचे विसरलात तर वांगं फुटतं. साल काढून केळीच्या पानावर लाकडानं ठेचायचं, मिरच्या त्याच जाळावर भाजलेल्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. शेजारी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या. एकदा कोकणातले परीक्षक गुण द्यायचे विसरून दुसऱ्यांदा वाढून घ्यायला बसले. पण सांगायचं ते वेगळं. वांगं कधी उलटायचं यावर तिथं दोन पोरांचं भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. आणि संघनायकानं ते मिटवलं तोवर कुणीही मोठा माणूस मध्ये पडला नाही. हल्ली मध्ये पडतात. पालकही येतात शिबिरात, डबा घेऊन.

गाईडच्या मुलींचं दुःख याहून जुनं. 1909 मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या मेळाव्यात काही मुली न बोलावता गणवेष करून आल्या, आम्हीही स्काऊट म्हणाल्या. त्यातून गाईड चळवळ निघाली. त्यांच्या नाती-पणत्या आपल्याकडे काय करतात? आरतीचं तबक धरतात, रांगोळी काढतात, पाहुण्यांना गुलाब देतात. धुळे जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात पाहुणे तीन तास उशिरा आले आणि तोवर आमच्या मुली दुतर्फा उन्हात उभ्या होत्या. एक चक्कर येऊन पडली. तिला उचललं, सावलीत नेलं, पाय उंच केले, तोंडावर पाणी मारलं ते तिच्याच संघातल्या तिघींनी. दोन डॉक्टर व्यासपीठावर बसलेले होते. नंतर मला विचारणा झाली, की स्वागताची रांग का मोडली.

मुलांचं काम काढून घेऊ नका म्हटलं, की कुणीतरी मला साने गुरुजींचा दाखला देतं. अमळनेरला ते 1924 ते 1930 शिक्षक होते, छात्रालयात मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे. मग मुलांचं काम आपण केलं तर बिघडलं कुठं? अहो, गुरुजींनी ते फोटोसाठी केलं नाही आणि मुलाला गुण मिळावेत म्हणूनही नाही. गुरुजी झाडू मारतायत हे बघून पोरं लाजली आणि स्वतः झाडू घ्यायला लागली. तुम्ही क्लोव्ह हिच बांधून दिलीत तर पोरगं लाजत नाही, पुढच्या वेळी पुन्हा तुमच्याकडे काठी घेऊन येतं. आणि एक सांगतो, गुरुजींचं नाव या कामी तेच घेतात ज्यांनी स्वतःची खोलीही कधी झाडलेली नसते.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. कार्यक्रम सांगतो. 22 फेब्रुवारीला चिंतन दिन. बेडन पॉवेल आणि त्यांच्या पत्नी दोघांचाही वाढदिवस त्याच तारखेला. शाळाशाळांतून सर्वधर्म प्रार्थना होतील. भाषणं कमी ठेवा. त्याच्या आसपास तृतीय सोपानच्या चाचण्या आणि जिल्हा मेळावा. पायोनियरिंगचे पूल बांधायला बांबू लागतील, ते रावेर-यावलकडच्या शाळा आणतात आणि इतर शाळा वापरतात, यंदा सगळ्यांनी आणावेत. कब-बुलबुलची पिल्लं दुसऱ्या दिवशी येतील, त्यांना शेकोटीला पुढची जागा. उन्हाळ्यात शिक्षकांची मूलभूत प्रशिक्षणं. नोव्हेंबरात ध्वजनिधी, स्टिकर मुलांनी विकायचे, पगारातून कापून घेऊन गठ्ठा कपाटात ठेवायचा नाही.

प्रशिक्षणाला ज्यांना यायचं त्यांनी मुख्याध्यापकांचं पत्र आणावं. ते देताना कुरकुर करतील, तासिका बुडतात म्हणतील, प्रवासभत्ता कोण देणार असं विचारतील. माझी काही बिलं अजून कुठल्यातरी फायलीत आहेत, तेव्हा भत्त्याच्या आशेवर येऊ नका. गणवेष तयार विकत घेण्याआधी शिंप्याला माप द्या, तयार पँटीत बसून गाठी शिकता येत नाहीत. सोबत दोन मीटर सुती दोर आणा. नायलॉनचा चालणार नाही.