ओढ्याची वाट आणि गाभोळीचे मासे

मिरगाचा पहिला दणका झाला की आपल्या मावळात एकच धांदल उडते. ओढ्याला गढूळ पाणी येतं आणि मासे उलटे वर चढू लागतात, थेट भाताच्या खाचरापर्यंत. मग कुणी जाळं, कुणी जुनं लुगडं, कुणी टोपली घेऊन धावतं. लहानपणी आत्याच्या मागून मीही धावले आहे. वलगणीचे ते गाभोळीभरले मासे चवीला काय लागायचे! पण ती गाभोळी म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे, हे तेव्हा कळत नव्हतं.

आपला ओढा जातो कुठं, ते आधी बघू. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात इंद्रायणीचा उगम. तिथून ती कार्ला, कामशेत करत पूर्वेला निघते. नाणे मावळातली कुंडलिका आणि आंदर मावळातली आंद्रा तिलाच मिळतात. पुढं देहू, आळंदी करून ती तुळापूरला भीमेत जाते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र इतका जवळ, पण आपलं पाणी त्याच्याकडं पाठ फिरवून पार दुसऱ्या किनाऱ्याला जातं.

सगळंच मात्र जात नाही. वलवण, शिरोता, ठोकळवाडी ही धरणं टाटांनी शंभर वर्षांमागं विजेसाठी बांधली. वलवणचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडतात. तिथं १९१५ पासून वीज तयार होते. ते पाणी पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतं. पाऊस एकच, समुद्र दोन!

वलवणला आणखी एक काम चालतं. महसीर हा मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्यातला मासा. पावसाळ्यात तो अंडी घालायला वर चढतो, पण वाटेत धरण आलं की अडतो. टाटांच्या केंद्रात मादीची अंडी काढून नराच्या बीजात मिसळतात, स्वच्छ वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये उबवतात. पिल्लं बोटाएवढी झाली, म्हणजे बोटुकली झाली, की तलावांत सोडतात. ही बोटुकली परराज्यांतही गेली. पण दक्षिणेत कावेरीत हा मासा इतका पसरला, की तिथला मूळचा महसीर मागं पडला, असं अभ्यासक सांगतात. तेव्हा बाहेरचा मासा आणून ओढ्यात टाकायची घाई नको.

आणि मला सांगा, तिथं एवढा खटाटोप कशासाठी? स्वच्छ, वाहतं पाणी मिळावं म्हणून. तेच काम आपला ओढा त्याच्या गोट्यांत, वाळूत फुकट करतो. आपण फक्त त्याला करू द्यायचं.

त्यासाठी गटांनी तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिल्या पुराचे गाभोळीचे मासे धरायचे नाहीत. हाती आलीच एखादी मादी, तर परत सोडायची. मासे मारायला ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक कुणी टाकत असेल, तर गप्प बसायचं नाही. तेच पाणी खाली गुरं पितात, बायाही भरतात. आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही.

येत्या मासिक बैठकीआधी सगळ्या मिळून ओढ्याच्या काठानं चालून या. उन्हाळ्यात कुठल्या डोहात पाणी टिकतं, ते वहीत लिहा. पाऊस लागेपर्यंत मासे तिथंच तगतात. तो डोह आपण सांभाळायचा.