मधल्या वर्गातली मुले आणि आपला विहार

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गाच्या वतीने केलेले भाषण)



 आम्ही काही भाषणे करणारी माणसे नाही. आमच्यात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, बसवर कंडक्टरकी केलेले एक काका आहेत आणि कॉलेजात शिकणारी तीन मुले आहेत. रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ आम्ही या विहारात पाचवी ते आठवीच्या मुलांना घेऊन बसतो, एवढाच आमचा अधिकार.

पाचवी ते आठवीच का, असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. दहावी-बारावीकडे सगळ्यांचे लक्ष असते. दहावीचे पोर घरात असले की टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगतात. बालवाडीतल्या बाळाचेही कौतुक होते. पण मधल्या वर्गातले मूल कुणाच्याच हिशेबात नसते. ते स्वतःचे स्वतः शाळेत जाते, स्वतःचे स्वतः येते, आणि आपण म्हणतो, "जातोय ना शाळेत, मग झालं!" शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे हा हक्क आठवीशी संपतो. आपल्या भागातल्या कितीतरी पालिका शाळाही तिथपर्यंतच. पुढे नवी शाळा, नवा खर्च, नवे दप्तर. पाचवीपासून जे मूल हळूहळू मागे पडत आलेले असते, ते या वळणावर गुपचूप गळून पडते. त्याचा गाजावाजा होत नाही. एक दिवस ते आपल्याला कुणाच्या तरी मंडपाच्या गाडीवर बांबू चढवताना दिसते.

आता आमचा रोजचा क्रम सांगतो. साडेसहाला मुले चपला रांगेत लावून आत येतात. प्रथम त्रिसरण-पंचशील, मग पाच मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष. त्यानंतर एक विद्यार्थी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचतो आणि ती आपल्या शब्दांत सांगतो. मग पाऊण तास गणित. पाढे पाठ नाहीत असे सातवीतले मूलही आमच्याकडे आहे, त्याची आम्ही लाज बाळगत नाही, त्याला पाढे शिकवतो. मग भाषा आणि शाळेचा गृहपाठ. शेवटची दहा मिनिटे "आरसा".

हा आरसा काय आहे, ते सांगायला हवे. बालवयातल्या राहुलाला तथागतांनी खोटे न बोलण्याविषयी जो उपदेश केला, तो आपण वर्षावासात ऐकतो. भांड्यात थोडेसे पाणी उरवून, मग ते ओतून टाकून, मग भांडे पालथे घालून त्यांनी लेकराला समजावले की जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याच्या हाती काय उरते. पुढे विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावी, तिने आपल्याला किंवा दुसऱ्याला त्रास होतो का, हे तपासावे. लहान मुलाला धम्म शिकवायचा तर याहून सोपी रीत आम्हाला सापडली नाही. म्हणून मुले वहीच्या मागच्या पानावर रोज तीन ओळी लिहितात : आज काय चांगले केले, काय चुकले, उद्या काय करीन. त्या ओळी आम्ही तपासत नाही. मुलाने दाखवल्या तरच पाहतो.

एकदा सहावीतल्या एका मुलाने वही आणून दाखवली. लिहिले होते, "काल मी मित्राची हजेरी लावली. तो आला नव्हता." आम्ही विचारले, "का लावलीस रे?" म्हणाला, "त्याचा बाप मारतो ना गैरहजर राहिला की." आता सांगा, या मुलाला आम्ही काय शिक्षा करायची? त्याने खोटी हजेरी लावली हे खरे, आणि मित्राला मार पडू नये म्हणून लावली हेही खरे. आम्ही हजेरी खोडली आणि त्याच रात्री त्या मित्राच्या घरी गेलो, वडिलांशी बोललो. पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला शिक्षापद म्हणतात. म्हणजे तो शिकण्याचा पाठ आहे. त्या दिवशी तो पाठ मुलाबरोबर आम्हीही शिकलो.

शाळेतही मूल्यशिक्षण आहेच. सकाळी परिपाठात राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका वाचतात, सुविचार, दिनविशेष होतो. आपली मुले उद्देशिका घडाघडा म्हणतात, ऐकून छाती फुगते. पण समता हा शब्द सकाळी शाळेत म्हणायचा आणि संध्याकाळी घरात काय बघायचे? आमच्या वर्गात सातवीतली एक मुलगी रोज अर्धा तास उशिरा यायची. आम्ही तिला दोनदा बोललो, एकदा बाहेर उभे केले. नंतर कळले की नळाला पाणी येते संध्याकाळी सहाला, आणि पाणी भरायचे काम तिचे. तिचा भाऊ आमच्याच वर्गात, तो मात्र वेळेवर हजर! वेळेवर येतो म्हणून आम्ही त्याला शाबासकीही दिली होती. आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. आम्ही आईला एवढेच म्हणालो, "ताई, चार हंडे आहेत, दोघांत दोन-दोन वाटा." आता दोघेही दहा मिनिटे उशिरा येतात. आमची काही तक्रार नाही.

मित्रहो, आता आमच्या चुकीविषयी. ती लपवून ठेवली तर आमच्या आरशाला अर्थ राहणार नाही. मागे एका पौर्णिमेच्या कार्यक्रमात आम्ही उत्साहाच्या भरात मुलांच्या चाचणीचे गुण माईकवरून वाचून दाखवले, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. पहिल्या तिघांना टाळ्या पडल्या. शेवटचा मुलगा मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवसापासून तो वर्गाला आला नाही. पंधरा दिवसांनी कळले की शाळेतही जात नाही. आम्ही घरी गेलो तर आई म्हणाली, "तो म्हणतो, विहारात गेलो की सगळे माझ्याकडे बघतात." ज्या विहारात कुणी लहान-मोठे नाही असे आपण सांगतो, त्याच विहारात एका लेकराला आम्ही शेवटचे ठरवून बसवले होते. आम्ही तीन वेळा गेलो, तो पलंगाखालून बाहेर येईना. चौथ्या वेळी काका गेले आणि म्हणाले, "अरे, मला संध्याकाळी ड्युटीवरून यायला उशीर होतो, वर्गासाठी विहार उघडायला कुणी नाही. चावी तुझ्याकडे ठेवशील का?" तेव्हापासून चावी त्याच्याकडे आहे. काका आता निवृत्त झाले तरी त्यांनी ती परत मागितली नाही. सव्वासहाला तो कुलूप काढतो, झाडून घेतो, सतरंज्या अंथरतो. गणितात अजून कच्चा आहे, खोटे कशाला सांगू? पण शाळेत जातो आहे.

या प्रसंगाने आम्हाला बाबासाहेबांचे बालपण पुन्हा वाचायला लावले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत, म्हणजे आजच्या साधारण पाचवीत, भिवाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तिथे बसायला वेगळे गोणपाट आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी नाही, हे आपण जाणतो. पुढे मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, आणि दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवून मग स्वतः झोपत. खोली एकच होती, पण बापाने मुलाचा क्रम मोडू दिला नाही. शाळा सुटल्यावर हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे, तिथे केळुसकर गुरुजींची त्याच्यावर नजर पडली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण किती होते? ७५० पैकी २८२. म्हणजे अडतीस टक्केही नाहीत! त्या काळी आपल्या समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणे हीच केवढी मोठी गोष्ट होती, म्हणून त्यांच्या सत्काराची सभा भरली. अध्यक्ष होते सी. के. बोले, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. त्या एका पुस्तकाचे मोल काय झाले, हे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जगाने पाहिले.

आता आमचा प्रश्न समितीला आहे, आणि तो आम्ही आदरपूर्वक विचारतो. आपल्या विहाराच्या गुणगौरवाची अट साठ टक्क्यांची आहे. या अटीत बाबासाहेबांचे नाव बसले असते का?

गुणांना किंमत नाही असे आमचे म्हणणे मुळीच नाही. याच विद्यार्थ्याने पुढे कोलंबिया विद्यापीठ गाजवले. आमच्याच वर्गातल्या एका मुलीने आठवीत एन.एम.एम.एस. ही परीक्षा उत्तीर्ण केली. आई चार घरची धुणी-भांडी करते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिने दोन दिवसांचे काम बुडवले, पण दाखला आणलाच. या शिष्यवृत्तीत नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,००० झाले. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांसाठी ही परीक्षा आहे. आपल्या वस्तीत किती पालकांना हे ठाऊक आहे? आठवीतल्या मुलाच्या आई-वडिलांनी आजच आमच्याकडे नाव द्यावे, शाळेत जाऊन अर्जाची चौकशी आम्ही तुमच्याबरोबर करू.

त्या मुलीचे यश मोठेच. पण सहावीत आला तेव्हा ज्याला जोडाक्षरे वाचता येत नव्हती, त्या मुलाने या वर्षावासात सर्वांसमोर उभे राहून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे एक पान वाचले, तेही यश आहे. जिने वर्षभर एकही दिवस वर्ग बुडवला नाही, तिचेही यश आहे. त्यांची गुणपत्रिका निघत नाही म्हणून ती कुणाच्या यादीत येत नाहीत, इतकेच.

म्हणून आमच्या चार विनंत्या आहेत. पहिली, पुढच्या वर्धापनदिनापासून पाचवी ते आठवीच्या प्रत्येक नियमित विद्यार्थ्याचे नाव या व्यासपीठावरून घ्यावे, गुण न वाचता. दुसरी, हार-गुच्छांऐवजी प्रत्येकाला एक पुस्तक द्यावे. कुणाच्या हातातले पुस्तक कुठवर जाईल, हे आज आपल्याला कळणार नाही. तिसरी, रोज सात ते आठ वस्तीत टीव्ही आणि मोबाइलचा आवाज बंद ठेवावा. आणि चौथी थोडी कडू आहे. जयंती ऐन परीक्षेच्या दिवसांत येते. जयंती जोरात करू, पण आदले पंधरा दिवस संध्याकाळी स्पीकर लावू नये. ज्या महामानवाने रात्री दोन वाजता उठून अभ्यास केला, त्याच्या नावाने मुलांचा अभ्यास मोडू नये.

वर्गाच्या खर्चाला आम्हाला पैसे नकोत. आठवड्यातून एक संध्याकाळ द्या. लिहिता-वाचता येत नसेल तरी या, मुलाच्या शेजारी बसा. तो वाचेल, तुम्ही ऐका. आपले कुणीतरी ऐकते आहे हे कळले की मूल चुकत-माकत का होईना, पान पूर्ण करते, हा आमचा अनुभव आहे.

उद्या सव्वासहाला विहार उघडेल. चावी कुणाकडे आहे ते तुम्हाला आता माहीत आहे. दारात तो भेटला तर त्याला गुण विचारू नका, जयभीम करा.



नमो बुद्धाय! जयभीम!