शिलकी माल आणि शहाणें गिऱ्हाईक

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत ‘सर्व माल निम्म्या किंमतींत’ अशी पाटी दिसली कीं संसारी माणसाचें पाऊल थबकतें. असा माल बहुधा गोदामांत पडून राहिलेला, निर्यातींतून उरलेला किंवा गिऱ्हाइकांनीं परत केलेला असतो. तो वाईटच असतो असें नाहीं. परंतु तो स्वस्त कां, हें आधीं विचारावें.

वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही केवळ वरची मर्यादा होय. तिच्याहून अधिक घेणें बेकायदा. कमी घेणें हा कांहीं उपकार नव्हे. १००० रुपये छापलेली कढई ५०० रुपयांस मिळाली, पण शेजारच्या दुकानीं ती रोजच ५५० रुपयांस मिळत असेल, तर बचत ५० रुपयांचीच.

खाद्यपदार्थाची वापराची अंतिम तारीख उलटली असेल, तर तो फुकटहि घेऊं नये. विजेचें उपकरण दुकानांतच चालवून पाहावें आणि हमी कोणाची तें विचारावें. दुकानदारानें सांगितलेला दोष पावतीवर लिहून घ्यावा.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं’ या पाटीनें दबून जाऊं नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें, पावतींत मुदत दिलेली नसल्यास, ३० दिवसांच्या आंत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

मात्र घरांत न लागणारी वस्तु निम्म्या किंमतींत घेतली, तर दिलेले सर्वच पैसे वायां जातात; त्यावर कोणताहि कायदा उपाय करूं शकत नाहीं.