ऐकून घेणाऱ्याचं कोण ऐकणार?

घाटकोपरला राहणारा माझा धाकटा मावसभाऊ एकेकाळी दारूत बुडाला होता. आज तो एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. मी एकदा त्याला म्हणालो, "तू स्वतः भोगलंयस, तुला वेगळं प्रशिक्षण कशाला?"

तो हसला. "भाईजान, समोरच्याला माझीच कहाणी ऐकवत बसायचं नाही, हे शिकावंच लागलं."

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे पुढे कार्यकर्ते झाली. पण दारू एकाएकी सुटली की काहींना फिट येते, भ्रम होतो. ते वेळीच ओळखून डॉक्टरांना बोलवायला नुसता अनुभव पुरत नाही, शिक्षण लागतं.

गेल्या वर्षी भावाचा एक रुग्ण पुन्हा प्यायला. भाऊ दोन रात्री झोपला नाही. त्याला धीर देणारं, चूक-बरोबर सांगणारं वरिष्ठ कुणी नव्हतं. मी जवळ बसलो. सवयीने एखादा शेर ऐकवणार होतो, पण गप्प राहून ऐकत राहिलो. तेही त्याच्याकडूनच शिकलो.

पण मी कवी. त्याला हवाय जाणता मार्गदर्शक, पुढचं शिक्षण आणि घर चालेल असा पगार. नाहीतर ही माणसं टिकणार कशी?