कौले वाहणारी मुले



हिरोशिमाचे नाव उच्चारताच बॉम्बचे स्मरण होते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठ वाजता त्या शहराच्या मध्यभागी, भर उन्हात, आठ हजारांहून अधिक शाळकरी मुले काय करीत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ती प्रार्थनेला उभी नव्हती. पाडलेल्या घरांची कौले आणि वासे ती वाहून नेत होती.

हवाई हल्ल्यांत आग पसरू नये म्हणून घरांच्या रांगाच्या रांगा पाडून मोकळे पट्टे काढण्याचे काम चालले होते. मोठी माणसे खांब करवतीने कापीत, दोर लावून घर ओढून पाडीत. ढिगारा उपसणे मुलांकडे. बहुतेकांचे वय बारा-तेरा. त्याहून मोठी मुले कारखान्यांत आधीच जुंपली गेली होती. ऑगस्ट 1944 मध्ये विद्यार्थ्यांच्या श्रमाविषयीचा हुकूम निघाला आणि एप्रिल 1945 पासून प्राथमिक वर्ग वगळता बाकीचे अध्यापन वर्षभरासाठी थांबविण्यात आले. शाळा उरली ती हजेरी घेण्यापुरती.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. तिसरी ते सहावीच्या पुष्कळ मुलांना शासनाने आधीच खेड्यांत हलविले होते. बालपण कोठे संपते याची रेषा आखली गेली, ती ओझे उचलण्याच्या ताकदीवरून. ज्यांच्या हातांचा उपयोग नव्हता त्यांना सुरक्षित स्थळी पाठविले, ज्यांचा होता त्यांना शहरात ठेवले. ढिगारे उपसणाऱ्यांपैकी सुमारे सहा हजार मुले मृत्यू पावली. एकट्या नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेतील पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या 541 मुली गेल्या. त्यांचे स्मारक 1948 साली उभे राहिले तेव्हा अमेरिकन अंमल होता आणि अणुबॉम्बचा उघड उल्लेख करण्याची सोय नव्हती. म्हणून शिल्पातील मुलीच्या हाती एक पेटी देऊन तिच्यावर आइन्स्टाइनचे ऊर्जेचे सूत्र कोरले गेले. मुलांना राबविणाऱ्या राज्यकर्त्यांनी त्यांचे शिक्षण काढून घेतले, आणि जेत्यांनी त्यांच्या मृत्यूचे कारण!

हिरोशिमापुरतीच ही कहाणी नाही. जपानभरच्या शाळकरी मुली हाताने बनविलेल्या कागदाचे थर एकावर एक चिकटवून प्रचंड फुगे तयार करीत होत्या. चिकटविण्यासाठी लागणारी खळ आपल्या सुरणाच्या कुळातील कोन्याकू नावाच्या कंदापासून करीत. भुकेल्या मुली ती चोरून खात, असे त्यांतल्या अनेकींनी पुढे सांगितले. नोव्हेंबर 1944 पासून बॉम्ब बांधलेले सुमारे नऊ हजार फुगे अमेरिकेच्या दिशेने सोडण्यात आले. 5 मे 1945 रोजी ऑरेगॉनच्या जंगलात सहलीला गेलेल्या पाच मुलांना आणि एका गर्भवती स्त्रीला असा एक पडलेला बॉम्ब सापडला, आणि तो फुटून सहाही जण मेले. मुले अकरा ते चौदा वर्षांची होती. बॉम्ब वाहून नेणारा कागद चिकटविणाऱ्या मुलींचे वयही त्याहून फारसे अधिक नव्हते.

जपानी मुलांना निदान राष्ट्रकर्तव्याची शिकवण दिली गेली होती. ती शिकवणही क्रूरच. पण वसाहतीतील मुलांच्या वाट्याला तर निखळ फसवणूक आली. कोरियातील कोवळ्या मुलींना पुढील शिक्षण आणि पगार यांचे आमिष दाखवून नागोयातील मित्सुबिशीच्या विमान कारखान्यात आणले गेले. शिक्षण मिळाले नाही, पगारही हाती पडला नाही. डिसेंबर 1944 च्या भूकंपात कारखाना कोसळून त्यांतल्या सहा जणी दगावल्या. उरलेल्या वृद्ध होईपर्यंत न्यायालयांचे उंबरठे झिजवीत राहिल्या. 29 नोव्हेंबर 2018 रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची भरपाई मान्य केली. 1965 च्या करारानेच हा विषय मिटला, असे जपान सरकारचे म्हणणे.

वसाहतवादाचा हिशेब किती काटेकोर असतो, हे मात्र त्याआधीच दिसले होते. या कामगार मुलींच्या नावे युद्धकाळात निवृत्तिवेतन विमा भरला गेला होता. तो परत मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. डिसेंबर 2009 मध्ये जपानच्या विमा खात्याने पासष्ट वर्षांची महागाई बाजूला ठेवून, मूळ आकड्यानुसार रक्कम दिली: प्रत्येकी 99 येन. टोकियोत त्या वेळी तेवढ्यात शहर बसचे तिकीटही येत नव्हते.