हे राखलं कुणी?



इराणात शिराजहून उत्तरेकडे निघालं की दोनेक तासांत मुर्गाबचं पठार लागतं. उघडं, भणाणत्या वाऱ्याचं. तिथे सहा दगडी टप्प्यांच्या चौथऱ्यावर एक लहानशी दगडी खोली उभी आहे, वर उतरतं छप्पर. सगळी मिळून उंची अकरा मीटरच्या आसपास. ही कुरुश राजाची कबर. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला सायरस म्हणून वाचलेलं असतं. इसवी सनापूर्वी ५३० मध्ये तो गेला तेव्हा एजियन समुद्रापासून मध्य आशियापर्यंत त्याची सत्ता होती. आणि थडगं एवढंसं, साधं.

या पठारावरून पुढे सिकंदर गेला. अरब, तुर्क, मंगोल, सगळे येऊन गेले. कुरुशाचे महाल कोसळले, कबर मात्र राहिली. तिथल्या लोकांना तोवर राजाचं नावही आठवत नव्हतं. ते या जागेला सुलेमान पैगंबराच्या आईची समाधी म्हणत. पैगंबराच्या आईच्या समाधीला हात कोण लावणार? आतल्या भिंतीवर कुणीतरी मक्केची दिशा दाखवणारी छोटी मेहराब कोरली. तेराव्या शतकात फार्स प्रांताच्या अताबेगांनी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांनी, कुरुशाच्याच पडक्या महालांचे खांब आणून कबरीभोवती मशीद उभी केली. १९७१ साली शहानं राजेशाहीच्या अडीच हजार वर्षांचा सोहळा केला, त्या सुमारास ते खांब पुन्हा महालांच्या जागी नेण्यात आले.

मी आपल्याकडचे गट घेऊन इराणला जातो. तिथला गाईड प्रत्येक ठिकाणी राजाचं नाव आणि साल सांगतो, हे कुणी बांधलं ते सांगतो. ते ऐकावंच. पण मी माझ्या मंडळींना आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो: हे राखलं कुणी? बांधणाऱ्यानं आपलं नाव दगडावर कोरून ठेवलेलं असतं. राखणाऱ्याचं नाव शोधावं लागतं, आणि इराणात ते शोधायला लागलं की सहल निराळीच होते.

तख्त-ए-जमशीदचंच घ्या. ग्रीकांनी याला पर्सेपोलिस म्हटलं. दारयवहु पहिला, म्हणजे दारियस, यानं इसवी सनापूर्वी ५१८ च्या सुमारास इथल्या महालांचं काम सुरू केलं आणि ३३० मध्ये सिकंदरानं ते जाळले. वर जायचा जिना इतका सखल पायऱ्यांचा आहे की सत्तरीतली माणसंही न थांबता चढतात. वर अपादानाच्या, म्हणजे दरबाराच्या, पूर्वेकडच्या जिन्यावर तेवीस देशांची शिष्टमंडळं कोरली आहेत. इथे घाई करू नका. एकेका मंडळाच्या पुढे एक दरबारी अधिकारी आहे आणि त्यानं पहिल्या पाहुण्याचा हात हातात धरला आहे. लढाई नाही, बेड्या घातलेला कैदी नाही, तुडवलेला शत्रू नाही. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या साम्राज्यानं आपली भिंत अशी कोरली असेल असं मला वाटत नाही.

त्यात आपल्याकडची माणसंही आहेत. आपल्याकडची म्हणजे सिंधू नदीच्या काठची. तो प्रांत तेव्हा इराणच्या ताब्यात होता. पुढचा माणूस अंगभर वस्त्र घेतलेला. मागचे उघड्या अंगाचे, कमरेला आखूड धोतर. एकाच्या खांद्यावर कावड आहे. तिच्या दोन्ही टोकांना परड्या टांगलेल्या आणि परड्यांत तोंड बांधलेल्या पिशव्या. त्यांत सोन्याची भुकटी असावी, असं अभ्यासक म्हणतात. हिंदचा कर सोन्याच्या भुकटीत येई, हे हिरोडोटसनं लिहिलंच आहे. शेजारी एक गाढव, शेवटी कुऱ्हाडी घेतलेला माणूस. आमच्या गटातली माणसं इथे हमखास रेंगाळतात. कावडीचा बाक, खांद्यावर टेकलेला दांडा, तो तोलून धरणारा हात, सगळं ओळखीचं.

हे राखलं कुणी? काही अंशी मातीनं. जिन्याचा मोठा भाग शतकानुशतकं ढिगाऱ्याखाली होता, म्हणून कोरीवकाम इतकं धारदार राहिलं. १९३० च्या दशकात शिकागो विद्यापीठाच्या तुकडीनं तिथे खोदलं, तेव्हा तटबंदीच्या भिंतीत मातीच्या हजारो विटिका सापडल्या, बऱ्याचशा एलामाइट भाषेत लिहिलेल्या. राजाची स्तुती वगैरे त्यांत काही नाही. कुणाला किती धान्य दिलं, किती मद्य दिलं, याचे हिशेब आहेत. मजुरी करणाऱ्या बायका आहेत, बाळंतिणीला दिलेला जादा शिधा आहे. त्या विटिका अभ्यासासाठी उसन्या म्हणून शिकागोला गेल्या. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात त्यांच्यावर जप्ती आणायचा प्रयत्न झाला. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला आणि २०१९ मध्ये १,७०० हून अधिक विटिका इराणला परत आल्या. आणि हेही सांगितलं पाहिजे की १९७९ च्या क्रांतीनंतरच्या धामधुमीत काही जहाल मंडळी हे अवशेष पाडायला निघाली होती. त्या वेळचे फार्सचे राज्यपाल आणि आसपासचे लोक आडवे आले, म्हणून आज आपण तिथे उभे राहू शकतो.

आता यझ्द. वाळवंटाच्या काठचं मातीच्या रंगाचं गाव. घरांवर वारा खाली ओढून घेणारे मनोरे आहेत, त्यांना बादगीर म्हणतात. डोंगरातून कित्येक किलोमीटर जमिनीखालून पाणी आणणारे कनात आहेत. पण आपण आलोय ते आतशबेहरामसाठी, म्हणजे जरथुष्ट्री लोकांच्या अग्निमंदिरासाठी. काचेपलीकडे मोठ्या धातूच्या पात्रात अग्नी तेवत असतो. परंपरा सांगते की तो इसवी सन ४७० च्या सुमारापासून विझलेला नाही. मुंबईच्या अग्यारीत किंवा उदवाड्याला पारशी नसलेल्या माणसाला आत जाता येत नाही. यझ्दला काचेच्या अलीकडून कुणीही दर्शन घेऊ शकतं. मुंबईत जन्म काढलेल्या माणसानं पवित्र अग्नी पहिल्यांदा पाहावा तो यझ्दला, हे मी अनेकदा घडताना पाहिलं आहे, आणि तेव्हा माणसं किती गप्प होतात तेही.

सासानी साम्राज्य गेल्यावर हा अग्नी फार्समधून निघाला, यझ्दजवळच्या अर्दकानात राहिला, मग यझ्दला आला. मोबेदांनी, म्हणजे जरथुष्ट्री धर्मगुरूंनी, तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. आजची इमारत १९३४ सालची, मुंबईच्या पारशांच्या देणगीतून उभी राहिलेली. इथे माणेकजी लिमजी हातारिया हे नाव घेतलंच पाहिजे. १८५४ साली मुंबईच्या पारशांनी त्यांना इराणला पाठवलं. तिथल्या जरथुष्ट्री लोकांची दैना त्यांनी पाहिली: जिझिया कर होता, नवी घरं बांधण्यावर, घोड्यावर बसण्यावर बंधनं होती. माणेकजी राहिले. शाळा काढल्या, देवस्थानं दुरुस्त केली, तेहरानच्या दरबारात अर्ज करत राहिले. अखेर १८८२ साली नासिरुद्दीन शहानं जिझिया रद्द केला. हे काम करत करतच १८९० मध्ये ते तेहरानला वारले. मुंबई-पुण्यात ज्यांच्या हॉटेलांत आपण बनमस्का खाल्ला ते इराणी याच यझ्द-केरमानकडच्या खेड्यांतून निघालेले. अहिल्यानगरजवळ मेहेराबादला ज्यांची समाधी आहे त्या मेहेरबाबांचे वडील शेरियार हेही यझ्दकडचेच.

यझ्दहून अर्दकानच्या वाटेनं वाळवंटात शिरलं की एका कड्याच्या कुशीत चकचक लागतं. जरथुष्ट्री लोक त्याला पीर-ए-सब्ज म्हणतात. कथा अशी. शेवटचा सासानी सम्राट यझ्दगर्द तिसरा याची मुलगी निकबानू अरब सैन्यापुढे पळत इथवर आली. पुढे वाट नव्हती. तिनं अहुर मझ्दाची प्रार्थना केली, डोंगर उघडला आणि त्यानं तिला पोटात घेतलं. खडकातून आजही पाणी ठिबकतं. डोंगर तिच्यासाठी रडतो म्हणतात. दर जूनच्या मध्याला इथे यात्रा भरते. पायऱ्या पुष्कळ आहेत, ऊन कडक. सकाळी लवकर चढावं.

आता दुसरी कथा ऐका. तेहरानच्या दक्षिणेला रय नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या डोंगरावर बीबी शहरबानूचा दर्गा आहे, शिया मुसलमानांचा. शहरबानू ही त्याच यझ्दगर्दची मुलगी, इमाम हुसेन यांची पत्नी. करबलाच्या लढाईनंतर शत्रू पाठीवर असताना ती इथवर आली, आणि डोंगरानं तिला पोटात घेतलं. बाप तोच, डोंगर फाटणं तेच. एका धर्मानं ती अरबांपासून पळालेली राजकन्या म्हणून जपली, दुसऱ्यानं इमामाची पत्नी म्हणून. मेरी बॉइस या विदुषीनं अशा स्थानांच्या मागे अनाहिता या पाण्याच्या प्राचीन देवीची पूजा असावी, असं मांडलं. मला ते पटतं. निदान पाणी, डोंगर आणि बायकांची गर्दी पाहिल्यावर तरी पटतं.

इस्फहानबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी थोडंच सांगतो. शाह अब्बासच्या मोठ्या चौकात शेख लुत्फुल्ला मशीद आहे, १६०३ ते १६१९ या काळात बांधलेली. तिला मिनार नाहीत. चौक आणि मक्का यांच्या दिशा जुळत नाहीत, म्हणून दारातून आत गेल्यावर अंधारी वाट वळत वळत आपल्याला फिरवते आणि मग एकदम घुमटाखाली आणून सोडते. तिथे वर पाहा आणि थोडा वेळ कॅमेरा खाली ठेवा. मग नदी ओलांडून नव्या जुल्फाला जा. शाह अब्बासनं अर्मेनियन लोकांना अरास नदीकाठच्या जुल्फातून जबरदस्तीनं इथे आणून वसवलं. त्या विस्थापितांनी वांक कॅथीड्रल बांधलं आणि छापखाना काढून १६३८ साली पुस्तक छापलं. इराणच्या भूमीवर छापलं गेलेलं ते पहिलं पुस्तक.

शिराजला कवी हाफिजच्या समाधीवर जाल तेव्हा बघा, माणसं संगमरवरावर दोन बोटं टेकवून फातिहा म्हणतात. १९३२ साली रवींद्रनाथ टागोर इथे आले होते. बरोबर मुंबईचे दिनशा इराणी हे पारशी विद्वान होते. मुसलमान कवीच्या समाधीशी बंगाली कवी आणि पारशी पंडित. इराणात हे कुणाला वावगं वाटलं नाही.

शेवटी शूश, म्हणजे जुनं सुसा. इथे दानियल नबीची समाधी आहे, वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पांढरा निमुळता कळस. यहुदी आणि मुसलमान दोघेही इथे येतात. बाराव्या शतकात तुडेलाचा बेंजामिन हा यहुदी प्रवासी इथली एक गोष्ट लिहून गेला. नदीच्या एका काठचे लोक सुखात होते, दुसऱ्या काठचे गरिबीत. गरीब म्हणाले, दानियलची शवपेटी तिकडे आहे म्हणून त्यांची भरभराट. भांडण झालं. मग वर्षभर इकडे, वर्षभर तिकडे असं ठरलं. तेव्हाचा सुलतान संजर याला पेटीची ही ने-आण आवडली नाही. त्यानं दोन्ही काठांपासूनचं अंतर मोजायला लावलं आणि पेटी पुलाच्या बरोबर मध्यावर टांगून ठेवायचा हुकूम दिला.

नेहमीच्या सहलींत शूश वगळतात, कारण ते खुझेस्तानात, वाटेपासून दूर आहे आणि उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही. माझं सांगणं असं की इस्फहानच्या बाजारातला एक दिवस कमी करा, पण शूशला जा. मार्च किंवा नोव्हेंबर बघा. आत बायकांना चादर घ्यावी लागते, ती दाराशी मिळते, चपला बाहेर.