दिवा हवा, पण जमिनीकडे

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ हे शहर आहे. तिथल्या लॉवेल वेधशाळेत १९३० साली प्लूटोचा शोध लागला. आकाश काळंभोर राहावं, म्हणून या शहरानं १९५८ मध्येच जाहिरातीसाठी आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रखर झोतांवर बंदी घातली. १९८९ पासून तिथं दर एकरामागे बाहेरच्या दिव्यांचा एकूण प्रकाश किती असावा, याचीही मर्यादा आहे. वेधशाळांच्या जवळ ती अधिक कडक आहे. दुकान असो वा घर, मोठ्या दिव्यांना वरून झाकण हवं आणि उजेड खालीच पडायला हवा. २००१ मध्ये फ्लॅगस्टाफ जगातलं पहिलं ‘डार्क स्काय’, म्हणजे काळोखं आकाश जपणारं, शहर ठरलं.

आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. जवळच्या गावांतले पथदिवे त्यासाठी बदलले गेले.

वर गेलेला उजेड कुणाच्याच कामी येत नाही. वीज मात्र खर्च होते, आणि निशाचर पाखरं, कीटक वाट चुकतात. म्हणून अंगणातल्या दिव्याला झाकण लावा, पिवळसर बल्ब निवडा आणि गरज संपताच तो बंद करा. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.